तांदळाचे दाणे मोजून घरात कौल घ्यायची पद्धत : सम म्हणजे होय की विषम?

परसदार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. तिथे आजी काही ठरवायचं असलं की तांदूळ बघायची. बाहेर कुणा देवरशाकडे वगैरे जाणं नाही, घरातल्या घरातच. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की देवासमोर पाट मांडायचा, त्यावर पितळेची वाटी, वाटीत तांदूळ. आधी त्यातली कणी वेचून काढायची कारण तुटका दाणा चालायचा नाही, आणि हे वेचायचं काम आम्हा पोरांचं, त्यामुळे आम्हाला वाटायचं की निम्मं भविष्य आमच्याच हातात आहे. मग आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, चिमूटभर तांदूळ उचलून पाटावर ठेवायची आणि तर्जनीने दोन-दोन दाणे बाजूला सारत जायची. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही, आजोबासुद्धा सुपारी कातरायचे थांबायचे. शेवटी जोडी उरली तर एक उत्तर, एकटा दाणा उरला तर दुसरं.

विचारायचे प्रश्न म्हणजे म्हैस घ्यायची का, विहीर अजून खाली न्यायची का, मामाला आलेलं स्थळ बघायला जायचं का, असले. आजारपणाचं मात्र कधीच विचारायची नाही. कोणीतरी शेजारीण आली होती नवऱ्याच्या दुखण्याचं विचारायला तर तिला म्हणाली, त्याचे तांदूळ बघायचे नसतात गो, डॉक्टर बघायचा.

आम्ही पोरं मे महिन्यात काजूच्या बिया घेऊन हेच खेळायचो. रिझल्ट लागायचा असायचा ना, मग पास का नापास. माझा मावसभाऊ एक बी हळूच मुठीत दाबून ठेवायचा आणि मोजणी अंगावर यायला लागली की ती ढिगात सोडायचा. तो आज सीए आहे, यावर मी काही बोलत नाही.

तर आता मुद्दा. आजी गेली, वाटी आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. मला हे सगळं लेकीसाठी एका वहीत लिहून ठेवायचंय आणि पहिल्याच पानावर अडलोय. मोठी मावशी म्हणते जोडी उरली तर होय. धाकटी मावशी शपथेवर सांगते की एकटा दाणा म्हणजे होय. आई म्हणते मी स्वयंपाकघरात असायचे, मला काय माहीत. मामाला विचारलं तर त्याने विषय बदलला. दोघी मावश्यांचं यावरून चार दिवस बोलणं बंद होतं हो खरंच.

कोणाकडे अशी पद्धत होती का? नियम काय होता? आणि तुमच्या घरी असलं काही वेगळं असेल तर तेही लिहा, वहीत पानं भरपूर आहेत.

मालवणी_झिल

परसदार, तुमची आजी देवळातलाच कौल घरात आणून करत होती असं माझं मत. आमच्याकडे मालवण साईडला ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावतात तो असा : गुरव देवाच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या नाहीतर तांदूळ पाण्याने चिकटवतो, कुठे तुळशीची पानं असतात, गावागावाचं वेगळं. मग गाऱ्हाणं घालायचं आणि सगळे टक लावून बघत बसायचं. उजव्या बाजूचं पडलं तर उजवा कौल म्हणजे देवाने हो म्हटलं, डाव्या बाजूचं पडलं तर नाही. काही वेळा कितीतरी वेळ काहीच पडत नाही, तेव्हा गुरव परत आर्जव करतो, मागचे मानकरी होय म्हाराजा करतात आणि आम्ही पोरं खांबाला टेकून पेंगायचो.

लहानपणी मला वाटायचं वाऱ्याने पडत असेल तर मी दाराकडे उभा राहून फुंकर मारून बघितली होती. अंतर फार होतं.

आणि हे छोट्यामोठ्या गोष्टींसाठी नाही, अख्ख्या गावाचं चालतं यावर. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा बघा, लाखांनी माणूस येतो, मुंबईहून जादा गाड्या सुटतात, पण तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते, मग सगळे रिझर्वेशनला धावतात. आचरा, चिंदर, वायंगणी इथली गावपळण पण तशीच. देवाचा कौल मिळाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन गाव वेशीबाहेर, तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहायचं आणि परत जायचं ते पण कौल घेऊनच. माझी आत्या चिंदरला दिली आहे, तिच्याकडून ऐकलंय की पोरांना त्या तीन दिवसांसारखी मजा वर्षभर नाही.

आता तुमचा प्रश्न. माझ्या मते तुमच्या दोन्ही मावश्या बरोबर असू शकतील. कारण गाऱ्हाण्यातच देवाला आधी सांगतात की बाबा रे, असं होणार असेल तर असा दे. 'ह्या लेकराचा काम होणारा आसात तर उजवो कौल दी म्हाराजा.' म्हणजे अट आधी बोलायची, मग बघायचं. आजी जे पुटपुटायची ना, त्यातच उत्तर असणार. तुमच्यापैकी कोणी ते ऐकलंय का ते विचारा, सम-विषम नंतर बघू.

निवांत

आमच्या घरात कौल बाबा द्यायचे. कायम डावा.

मांडवी_काठ

गोव्यात याला प्रसाद लावणे म्हणतात. मूर्तीवर पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली की मनासारखं झालं. माझ्या आईने माझ्या लग्नाचा प्रसाद लावला होता आणि तो 'आला' हे मला साखरपुड्यानंतर कळलं. म्हणजे मुलाकडच्यांना आधी माहीत, मला नंतर. असो, नवरा बरा निघाला.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे घरातला कौल नव्हता पण आजोबांचं सगळं वर्ष अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरायचं. मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ म्हणून गाव आहे, तिथली घटमांडणी आता टीव्हीवर येते म्हणून बऱ्याच जणांना माहीत झालीये. वाघ घराण्याकडे ती परंपरा आहे, तीनशे वर्षांच्या वर चालत आली म्हणतात. म्हणजे हे पण एका कुटुंबाचंच म्हणा, फक्त ऐकायला सगळं विदर्भ-खान्देश येतं.

आखजीच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात गोल घट आखतात, त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्यं मांडतात, गहू, ज्वारी, तूर, कपाशी, तीळ, सगळी आपापल्या जागेवर. मधोमध खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, करंजी, पापड, कुरडई, भजं, वडा असं सगळं, आणि खाली पान-सुपारी, ती म्हणजे राजा. मग रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन बघायचं कोणतं धान्य जागेवर आहे, कोणतं विखुरलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं. पहिलं ढेकूळ कोरडं तर जून कोरडा, तिसरं भिजून विरघळलं तर ऑगस्टात पाऊस. पान-सुपारी हलली नाही तर राजा कायम. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त.

आमचे आजोबा रात्रीच सायकल काढायचे. मला एकदा पुढच्या दांडीवर बसवून नेलं होतं, पहाटेची थंडी, आजूबाजूला बैलगाड्या, लोकं उकिडवी बसलेली आणि कोणाच्या तोंडातून शब्द नाही. भाकीत सांगायला लागले की आजोबा खिशातून विडीचं पाकीट काढून त्याच्या आतल्या कागदावर पेन्सिलीने लिहायचे. कपाशी मध्यम. तूर बरी. पाऊस जून कमी. चारा पुरेल. घरी आल्यावर तो कागद दाराच्या चौकटीत खोचून ठेवायचे आणि वर्षभर तिथेच राहायचा, पावसाने पिवळा पडेपर्यंत.

पण गंमत सांगतो, पेरायचे मात्र ते जमिनीत बोट घालून ओल बघूनच. मी विचारलं होतं की मग भेंडवळला जाता कशाला तर म्हणे, अबे सारे जातात, गेलो नाही तर लोक काय पेरणार ते कसं समजीन? तूर बरी सांगितली की सगळे तूर लावतील आणि भाव पडेल, म्हणून आजोबा त्या वर्षी तूर कमी करायचे. आता याला श्रद्धा म्हणायची का मार्केट रिसर्च ते तुम्हीच ठरवा.

दुसरं म्हणजे पंचांग. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेच्या आधी, आजोबा वाहन बघायला लावायचे कारण त्यांचा चष्मा कायम फुटलेला. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं, घोडा कोल्हा बेडूक मेंढा मोर उंदीर म्हैस गाढव हत्ती, असे नऊ प्राणी. बेडूक, म्हैस, हत्ती आला की घरात आनंद कारण ही पाण्यातली मंडळी, पाऊस आणणारी. मी लहानपणी समजायचो की वर कोणीतरी दरवर्षी बसून ठरवतं यंदा गाढव पाठवू. नंतर कळलं की साधं गणित आहे, सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, काहीच नाही उरलं तर हत्ती. म्हणजे परसदार, तुमच्या आजीसारखंच झालं की, शेवटी किती उरलं ते बघायचं!

निवांत

गाढव वाहन असताना आमच्याकडे पूर आला होता. आजी म्हणाली भिजलेलं गाढव असेल.

पुनर्वसू

वर पंचांगाचा विषय निघालाच आहे तर हरवलेल्या वस्तूचं कोणालाच कसं आठवलं नाही? आमच्या घरी काहीही हरवलं की आजोबा पहिला प्रश्न विचारायचे, कधी हरवलं? कुठे नाही, कधी. कारण त्या दिवसाचं नक्षत्र काढायचं असायचं.

अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रांचे चार गट केलेत, रोहिणीपासून सुरू करून ओळीने अंध, मंद, मध्य, सुलोचन, परत अंध, मंद असं. अंध नक्षत्रावर वस्तू गेली तर पूर्वेला बघा, लवकर सापडेल. मंदावर गेली तर दक्षिणेला, खटपट केलीत तर मिळेल. मध्यावर गेली तर पश्चिमेला, कुठे आहे ते कळेल पण हातात येणं कठीण. आणि सुलोचनावर गेली तर उत्तरेला आणि विसरा. म्हणजे चोर डोळस असला की वस्तू गेली आणि आंधळा असला की मिळाली, असा काहीतरी हिशोब.

आमचं घर लांबट, पूर्व-पश्चिम, त्यामुळे पूर्वेला ओटी आणि पश्चिमेला न्हाणीघर. अंध नक्षत्र निघालं की सगळी वरात ओटीवर. गाद्या उचला, झोपाळ्याखाली बघा, चपलांच्या कपाटामागे हात घाला. एकदा काकूची नथ शोधताना मागच्या पिढीतला एक अडकित्ता, आजोबांची स्वतःची हरवलेली टोपी आणि माझं प्रगतिपुस्तक अशा वस्तू सापडल्या. प्रगतिपुस्तक हरवलेलं नव्हतं, मी ठेवलेलं होतं. नथ दुसऱ्या दिवशी काकूच्या केसाच्या आकड्यांच्या डबीत मिळाली, डबी पश्चिमेच्या खोलीत.

सुलोचन नक्षत्र असलं की आजोबा पंचांग मिटून गप्प बसायचे. आजी मात्र शोधायची ती शोधायचीच, आणि बहुतेक वेळा तीच शोधून काढायची.

सरळरेषा

सगळ्यांच्या आठवणी वाचून मजा आली, रंगाचा बेरंग करायचा नाहीये, पण एक दुसरी बाजू लिहिते.

आमच्याकडे देवापुढे चिठ्ठ्या टाकायचे. दोन कागद, एकावर होय एकावर नाही, सारख्या घड्या, तबकात ठेवून हळदकुंकू, आणि घरातलं सगळ्यात लहान मूल उचलणार. बरीच वर्षं ते मूल मी होते. आंघोळ घालून नवा फ्रॉक घालून मला आणायचे, सगळे माझ्याकडे बघतायत, मला वाटायचं केवढं मोठं काम करतेय मी.

त्यातली एक चिठ्ठी आत्याच्या नोकरीची होती. तिला बाहेरगावच्या शाळेत शिक्षिकेची ऑर्डर आली होती, एकटीने राहावं लागणार होतं, आजोबांना पसंत नव्हतं, तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं. मग चिठ्ठी. 'नाही' आलं. आत्या काही बोलली नाही, आत जाऊन भाकऱ्या करायला लागली. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन, मला लाडू मिळाला.

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं की तुला माझा राग आला का. ती म्हणाली, तुझा कशाला येईल, देवाचा पण नाही आला. राग एवढ्याचाच आला की तुझ्या काकाच्या इंजिनिअरिंगचं ठरवताना कोणी चिठ्ठी टाकली नव्हती.

हे वाक्य मला फार पुरलंय. घरात कशाची चिठ्ठी टाकायची आणि कशाची नाही हे ठरवणारी माणसंच खरं सगळं ठरवत होती. म्हणून परसदार, वहीत लिहाल तेव्हा प्रश्न कोण विचारायचं तेही लिहा. मामाच्या स्थळाचे तांदूळ बघितले तसे मावश्यांच्या स्थळाचे बघितले होते का? आणि मावश्यांना विचारून बघितले होते का?

मालवणी_झिल

सरळरेषा, पटलं. देवळात पण मानकरी ठरलेले असतात, गाऱ्हाण्याच्या वेळी बायका मागे उभ्या. त्यांचा प्रश्न असला तरी तोंड गुरवाचं. आजपर्यंत याचा विचारच केला नव्हता खरं तर.

तर्कट

अहो कायदा झालाय ना आता? हे सगळं बंद व्हायला हवं. दाभोलकरांनी त्यासाठी जीव दिला.

सरळरेषा

तर्कट, कायदा झालाय पण तुम्ही म्हणताय तसा नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात कायदा मंजूर झाला. तो आहे नरबळी, अमानुष अघोरी प्रथा, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक यांच्याविरुद्ध. वास्तूचा सल्ला, जोशी-ज्योतिषांचा सल्ला, जमिनीखालचं पाणी सांगणारे, एवढंच काय नंदीबैलवाले ज्योतिषी, हे सगळे त्यात नाव घेऊन वगळलेत. म्हणजे नंदीबैलाला कायद्याने संरक्षण आहे, पाऊस पडेल का विचारलं की बिनधास्त मान हलवू दे. परसदारांच्या आजीच्या वाटीला तर कोणी हात लावणार नाही. माझा मुद्दा कायद्याचा नव्हताच.

वऱ्हाडी_ठेचा

नंदीबैलावरून आठवलं, आमच्या दारी यायचा तेव्हा गुबुगुबु वाजलं की मी पहिला प्रश्न विचारायचो शाळेला सुट्टी मिळेल का. कायम हो. मालकाच्या हातातल्या दोरीकडे माझं लक्षच नसायचं. तो बैल गेल्यावर आई पिठाचं सूप रिकामं करत म्हणायची, त्याला हो म्हणायचंच खायला मिळतं, नाही म्हणणाऱ्याला कोण देणार.

रमाची_आई

मी थोडं गोड लिहिते. आमच्याकडे बाळाच्या उष्टावणाला समोर तबक मांडतात, त्यात वही, पेन, सोन्याची अंगठी, माती, धान्य, एखादं हत्यार म्हणून सुरी (बोथट हो!) आणि हल्ली स्टेथोस्कोप पण. बाळ काय उचलेल त्यावरून मोठेपणी काय करेल ते बघायचं. पेन उचललं की विद्वान, माती म्हणजे शेतजमीन, असं.

माझ्या वेळी म्हणे आजोबांनी पेन माझ्या इतकं जवळ सरकवलं होतं की दुसरं काही उचलायला त्यावरून रांगत जावं लागलं असतं. मी पेन उचललं. घरात टाळ्या. मी इंटिरियरची कामं करते आणि पेन शोधत असते दिवसभर.

आमच्या रमाने काय केलं तर तबकाची कड धरून अख्खं तबकच ओढलं. सगळं खाली. सासूबाई म्हणाल्या सगळंच पाहिजे हिला, आणि माझे वडील म्हणाले पॉलिटिक्समध्ये जाणार. आता ती चार वर्षांची आहे आणि वडिलांचा अंदाज मला खरा वाटायला लागलाय.

पुनर्वसू

हाहा. आमच्याकडे बाळाला पेन खायचं होतं. त्याचं काय फळ?

निवांत

पत्रकार.

परसदार

मंडळी, दोन दिवस फोनाफोनी चालली होती म्हणून उत्तर द्यायला उशीर. मालवणी_झिल, तुम्ही म्हणालात तसं मी दोघी मावश्यांना सम-विषम न विचारता आजी काय पुटपुटायची ते विचारलं. मोठीने लगेच म्हणून दाखवलं, त्याच स्वरात, माझ्या अंगावर काटाच आला. 'बा देवा म्हाराजा, तुका सगळा ठावक आसा. आज मी जोडयेक होय धरतंय. आमचा बरा होणारा आसात तर जोडी दी, नाय तर येकटो ठेव.' धाकटीला वेगळा फोन केला तर तिने पण हेच म्हटलं, फक्त 'आज मी एकट्याक होय धरतंय'. म्हणजे आजी दर वेळी आधी ठरवून सांगायची आणि दोघींनी आपापल्या लक्षात राहिलेल्या दिवशीचं पाठ करून ठेवलं होतं! कॉन्फरन्स कॉल करून दोघींना एकमेकींचं ऐकवलं तेव्हा आधी शांतता आणि मग मोठी म्हणाली, तरी बहुतेक जोडीच असायची. तर भांडण मिटलेलं नाही हे लक्षात घ्यावं.

सरळरेषा, तुमचा प्रश्न पण विचारला. मोठीच्या स्थळाचे तांदूळ बघितले होते, तिला न विचारता. धाकटी म्हणाली माझ्या वेळी मी आईला सांगितलं की तांदूळ बघायचे तर मी मोजणार. आणि आजीने मोजू दिले! हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काय आलं विचारलं तर म्हणते, मला पाहिजे होतं ते आलं. आता तिच्या मुलाचं काजूच्या बियांचं कसब कुठून आलं ते कळलं, कारण सीए झालेला मावसभाऊ तो हिचाच.

अजून एक कळलं. उत्तर आजोबांना पटलं नाही तर ते म्हणायचे तांदूळ दमट होते, चिकटलेत, परत मोज. आजी परत कधी मोजायची नाही. वाटी उचलून आत जायची. पण तिला स्वतःला पटलं नाही तर मात्र रात्री सगळे झोपल्यावर परत मोजायची, हे आईने सांगितलं, त्याच स्वयंपाकघरातून बघितलेलं. म्हणजे आईला सगळं माहीत होतं.

मालवणी_झिल

'जोडयेक होय धरतंय' वाचून बरा वाटला म्हणून सांगा मावशीक. आणि वहीत हे मालवणीतच लिहा, शुद्ध करू नका.

सरळरेषा

धाकट्या मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं एक अख्खं पान झालं पाहिजे.

एक विचारू? आजी स्वतःहून सगळ्यात जास्त वेळा कशाचे तांदूळ बघायची? कोणी न सांगता?

परसदार

हे मामाला माहीत होतं, विषय बदलणाऱ्या. दर वर्षी एकच, मोहोर धरला की. कलमं व्यापाऱ्याला कराराने द्यायची की स्वतः आंबा काढून पेट्या वाशीला पाठवायच्या. आजोबांना स्वतः पाठवायच्या असायच्या, भाव जास्त. आणि तांदूळ बहुतेक वर्षी म्हणायचे कराराने द्या.

रमाची_आई

पेट्या कोण भरायचं?

परसदार

आजी.